बिबट्या पळतो, असं मी लिहिलं होतं

"मॅडम, तुमचं गाणं माणसं ऐकत नाहीयेत. मशीन ऐकतंय," रोहन फोनवर म्हणाला.

रोहन हा आमच्या डिस्ट्रिब्युटरचा सपोर्टवाला. मुंबईत बसतो. डिस्ट्रिब्युटर म्हणजे अशी कंपनी, जी स्वतंत्र कलाकाराचं गाणं एका ठिकाणी घेते आणि सगळ्या म्युझिक अ‍ॅपवर पोचवते. पाठीशी मोठं लेबल नसेल तर आत शिरायला हाच एक दरवाजा. कडी कधी लावायची तेही तेच ठरवतात.

"कुठलं मशीन?" मी विचारलं.

"बॉट म्हणतो आम्ही. एकाच भागातून, मोजक्या फोनवरून, सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच गाणं लूपवर. मध्ये स्किप नाही, पॉज नाही. माणूस असं ऐकत नाही. सिस्टिमने फ्लॅग केलंय. चार दिवसांत प्रूफ द्या, नाहीतर गाणं काढावं लागेल."

"कुठला भाग?"

"जुन्नर, आंबेगाव असं दिसतंय."

माझं डोकं फिरलं. शहरातल्या जिममध्ये कुणी एकच गाणं दिवसभर लावलं तर तो फॅन. जुन्नरच्या माणसानं लावलं तर तो बॉट. मी रोहनला हे असंच्या असं सुनावलं. तो म्हणाला, "मॅडम, मी फक्त मेल वाचून दाखवतोय." त्याचं खरंच होतं. पण मला त्या क्षणी कुणावर तरी ओरडायचं होतं.

मी जुन्नर तालुक्यातच, वारूळवाडीत राहते. झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत माझं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक लॅपटॉप आणि भिंतीला टेकून ठेवलेलं रिंगलाइट. स्वतःचं गाणं स्वतःच काढणाऱ्या कलाकारांचं ऑनलाइन प्रमोशन मी करते. त्याआधी पाच वर्षं घोडेगावला शेतमजुरांच्या संघटनेत पत्रकं लिहिली. तिथं मला तीन गोष्टी शिकवल्या होत्या. वाक्य लहान ठेव. शंका शिल्लक ठेवू नको. वाचणारा बसलेला असेल तर उभा राहिला पाहिजे. कॅप्शन लिहायला याच गोष्टी लागतात असं मला वाटायचं, आणि कामं मिळत होती म्हणून ते खरंही वाटायचं.

गाणं मंदाचं होतं. मंदा जुन्नरकडच्या मढ गावाच्या वरच्या अंगाची, डोंगरातली. भात, नाचणी, वरई, आणि उरलेल्या दिवसांत खाली येऊन कांदा काढणीची मजुरी. तिकडं बाया रानातून येता-जाता एकमेकींना हाळी देतात, म्हणजे लांबून हाक मारतात. त्या हाळीवर मंदानं गाणं बांधलं होतं. सुरुवातच अशी: "कोण हाय गं पल्याड?" आणि लगेच चार बायांचा आवाज: "आमी हाय, आमी हाय." आमच्या धंद्यात याला हूक म्हणतात. पहिल्या काही सेकंदांत ऐकणाऱ्याला धरून ठेवतो तो तुकडा. तो बसला तर गाणं चालतं. हा असा बसला होता की एकदा ऐकला की दिवसभर डोक्यातून जायचा नाही.

तरी पहिले दोन आठवडे कुणी ऐकलं नाही. मंदा रोज विचारायची, "ताई, किती झालं?" मी म्हणायचे, "वाढतंय." वाढत नव्हतं.

मग मी रील केलं. मंदा उसाच्या कडेनं चालत गातेय असं. त्यावर तीन वाक्यं लिहिली. भीती सोडा. गाणं लावा. बिबट्या पळतो.

आमच्याकडं याचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. उसात बिबट्याची पिल्लं जन्मतात, उसातच मोठी होतात. बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून गवत कापायला जातात, कारण तो मानेला धरतो. आवाज करत चला, मोबाइलवर गाणी लावा, असं गावोगावच्या फलकांवर लिहिलेलं असतं. एकटं जाऊ नका, शेतात खाली वाकून बसू नका, हेही त्याच फलकांवर असतं. मी त्यातलं अर्धं उचललं आणि त्यावर पूर्ण वाक्य ठोकून दिलं.

आठवड्याभरात गाणं पळायला लागलं. मंदाला मढच्या बाजारात लोक ओळखायला लागले. मी खूश होते. एवढे प्ले कुठून येतायत हे मी बघितलं नाही. प्ले वाढत असताना आमच्या धंद्यात कुणीच बघत नाही. कमी झाले की सगळे बघतात.

तर रोहनचा फोन आला आणि मी प्रूफ गोळा करायला बसले. खरी माणसं खरं गाणं ऐकताना दाखवायची, एवढंच काम. रीलखालचे कमेंट चाळले. एका मुलीनं उत्तरादाखल स्वतःचा व्हिडिओ टाकला होता. तिची आजी बांधावर उकिडवी बसून गवत कापतेय. मागं ऊस. उसातून आमचं गाणं येतंय. खाली लिहिलंय, 'आजीला आता पट्टा लागत नाही.'

मी आधी आनंदानं हसले. हेच प्रूफ. मग व्हिडिओ परत बघितला. म्हातारीची पाठ उसाकडं होती. मान उघडी होती. डोकं खाली.

तरी मी स्वतःला म्हटलं, एक व्हिडिओ आहे, एवढं काय. मुलीला मेसेज केला. बोरी बुद्रुक, कॅनॉलच्या अलीकडं, असं तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर काढली. खोटं सांगणार नाही, प्रूफ घ्यायलाच निघाले होते. सोबत ट्रायपॉड होता.

अकराचा सुमार असेल. रस्त्यावर गाडी लावली तेव्हाच गाणं ऐकू आलं. "कोण हाय गं पल्याड?" आणि उसातून चार बायांचं, "आमी हाय, आमी हाय." बांधावर कुणी दिसेना. मी म्हटलं, बाया आत पाचट, म्हणजे उसाची वाळकी पानं, काढत असतील आणि गाण्याबरोबर गात असतील. आवाज इतका जवळचा होता. बायांमध्ये जायचंय म्हटल्यावर भीती कसली? मी सरीत शिरले. दोन ओळींमधली वाट ती सरी. वीस-पंचवीस पावलं गेले. ऊस डोक्याच्या वर. मागं वळून बघितलं तर बांध दिसेना. पानं अंगाला कापत होती. पुढं आवाज होता, म्हणून पुढंच गेले.

आत बाया नव्हत्या. एक बांबू रोवलेला होता. त्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत स्पीकर आणि एक जुना मोबाइल बांधलेला होता. बाकी कुणी नाही.

जमीन ओली होती. पाणी भरलेलं होतं. बांबूच्या बुडाशी चिखल होता आणि चिखलात पंजा होता. कुत्र्याच्या पंजापुढं नखं उमटतात. याच्यापुढं नव्हती. चार बोटं, मागं रुंद गादी. आमच्याकडं हे शाळेतल्या पोरांनाही कळतं. मी बघत होते तेव्हा त्या खड्ड्यात कडेनं पाणी झिरपत होतं. अजून भरलं नव्हतं.

तो स्पीकरच्या अगदी जवळून गेला होता. वळसा घालून नाही. पंजे बांबूला जवळजवळ लागून होते, जसा शेजारच्या घरावरून माणूस जातो तसा.

मला ओरडायचं होतं. गाणं संपलं आणि परत सुरू झालं. कोण हाय गं पल्याड. आमी हाय, आमी हाय. माझ्याच गाण्यातल्या बाया माझ्या कानाशी बोलत होत्या आणि तिथं एकही बाई नव्हती. किती वेळ उभी होते माहीत नाही. पानं कुठंतरी सळसळली. वाऱ्यानं असेल. तेव्हा वाऱ्यानं वाटलं नाही.

"कोण हाय ती? उसात काय करती?" मागून आवाज आला. हा आवाज स्पीकरचा नव्हता, कारण त्यात राग होता.

मी पाठ न फिरवता मागं मागं सरकत बाहेर आले. बांधावर विळा घेऊन व्हिडिओतली आजी उभी होती. ताराबाई. साठीच्या पुढच्या, सडपातळ, नऊवारी गुडघ्याच्या वर खोचलेली. त्या पलीकडच्या अंगाला गवत कापत होत्या, म्हणून मला दिसल्या नव्हत्या.

"कणसं चोरायला आलीस का? ह्यो ऊस हाय बाई."

"मावशी," मी म्हटलं, "पट्टा कुठंय तुमचा?"

"त्यो काय, बाभळीवर." खिळ्यांचा पट्टा खरंच फांदीला लटकत होता. "मेला टोचतोय. घामानं खाज येती. बाभळीलाच राखू दे आता."

"एकट्याच आलात?"

"एकटी कशी? एवढ्या बाया बोलत्यात की आत." त्या हसल्या. "आधी जाऊ यायची, हिरा. तिची सतरा सोंगं. हिकडं ऊन लागतंय, तिकडं काटं हायती. निम्मा दिस तिच्या तोंडाकडं बघण्यात जायाचा. आता तिची गरज न्हाई. ही गाणारी बरी. च्या मागत न्हाई का भांडत न्हाई."

मी त्यांना काय बघितलं ते सांगितलं.

"कवाचा असंल त्यो."

"पाणी कधी भरलं?"

"साडेनवाला लाइट आली तवा मोटार लावली."

ओल्या चिखलातला पंजा त्यानंतरचाच. अकरा वाजून गेले होते. त्यांनी विळा या हातातून त्या हातात घेतला. मला वाटलं, पटलं. पण त्या म्हणाल्या, "गेला न्हवं पण? मला काय केलं न्हाई. गाण्यामुळंच गेला असंल."

"मावशी, गाण्यानं बिबट्या पळत नाही."

"असं कसं? लिवलंय की त्याच्यावर. नातीनं वाचून दाखवलंय."

"ते मीच लिहिलंय."

"मग?"

पाच वर्षं मी लोकांना सांगत आले होते की लिहिलेलं मागून घ्या, लिहिलेल्यावर विश्वास ठेवा, तोंडी बोलण्यावर जाऊ नका. आता एक बाई माझ्या लिहिलेल्यावर विश्वास ठेवून मान उघडी टाकून बसली होती.

"अंदाजानं लिहिलं," मी म्हटलं.

"अंदाजानं?" ताराबाई म्हणाल्या. मोठ्यानं नाही. मला त्यांनी दोन कानाखाली ठेवल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या दिवशी मी त्यांना घरापर्यंत सोडलं. गवताचा भारा माझ्या स्कूटरवर. उद्या एकट्या जाऊ नका, पट्टा घाला, असं दहादा सांगितलं. "उद्याचं उद्या बघू," त्या म्हणाल्या, "गुरं काय गाणं खात्यात व्हय?" वाटेत मला आणखी दोन ठिकाणी गाणं ऐकू आलं. एकदा उसातून, एकदा मक्यातून. दोन्ही वेळा मी गाडी थांबवली. एकाही ठिकाणी माणूस दिसला नाही. रोहनचे बॉट हेच होते. मी लिहिलेल्या तीन वाक्यांनी ते उभे केले होते.

रात्रभर एकच हिशेब डोक्यात चालला होता. एखादी ताराबाई गेली तर? पेपरात बातमी येईल, त्यात गाण्याचं नाव नसेल. कुणालाही कळणार नाही. मला मात्र कळेल.

दुसऱ्या दिवशी मंदाला जुन्नरला बोलावलं. आमचं रेकॉर्डिंग इरफानभाईंकडं झालं होतं. इरफानभाई लग्नाच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवतात. वडिलांचं गाद्या भरायचं दुकान, त्यामुळं घराच्या मागच्या खोलीला त्यांनी चारी बाजूंनी गाद्या ठोकल्यात. तो स्टुडिओ. मंदा मढहून एसटीनं आली. मी सगळं सांगितलं. पंजाचा फोटो मी काढला नव्हता, पण हातानं आकार दाखवला.

मंदा बराच वेळ गादीच्या टाक्यावर बोट फिरवत बसली.

"मी तवाच बोलले व्हते," ती म्हणाली.

बोलली होती. कोरससाठी तिच्या सोबतिणी येणार होत्या, त्या आल्या नाहीत. मग इरफानभाईंनी मंदाचाच आवाज चारदा रेकॉर्ड करून एकावर एक लावला. याला डबिंगचे थर म्हणा. एका गळ्यातून चार बाया उभ्या करता येतात. तेव्हा मंदा म्हणाली होती की आपणच हाळी द्यायची आणि आपणच ओ द्यायची, असं आमच्यात करत नाहीत. आम्ही हसलो होतो. मी तर म्हटलं होतं, अगं, हे गाणं आहे.

"हसला तुमी," मंदा म्हणाली. "हाळी काय जनावर पळवायला नसती ताई. जनावराला काय, ते ऐकतंय आन् बसतंय. हाळी असती पल्याड माणूस हाय का ते बघायला. ओ आली तर पुढं जायाचं. नाय आली तर तिथनं माघारी फिरायचं. आमची आय म्हणायची, ओ नसंल तिथं पाय नाय टाकायचा. तुमी त्या बायांना खोटी ओ दिली."

इरफानभाई मान खाली घालून केबल गुंडाळत होते. आधीच गुंडाळलेली केबल.

मी स्वतः त्या खोट्या 'ओ'वर पंचवीस पावलं आत गेले होते. मला समजावून सांगायची गरज नव्हती.

"काढून टाकायचं का?" मी विचारलं.

"काढलं तर परत लावता येतं?"

इथं मला खरं सांगावं लागलं. गाण्याचा ऑडिओ असा बदलता येत नाही. लांबी बदलली, आवाज बदलला की ते नवं गाणं. जुने प्ले, जुने सेव्ह, अ‍ॅपनं आपणहून नव्या लोकांपुढं गाणं ठेवायला केलेली सुरुवात, सगळं जातं. शून्यापासून. आणि एकदा थंड पडलेलं गाणं परत तापत नाही, हा माझा अनुभव आहे.

"म्हंजी बाजारात मला कोण ओळखणार नाय," मंदा म्हणाली.

"काही दिवस ओळखतील."

तिला हसू आलं, पण ते टिकलं नाही. तिच्या सासरी तिला आजवर कुणी गाणारी म्हटलं नव्हतं. दोन महिन्यांत ते झालं होतं आणि आता मी ते परत मागत होते, माझ्या चुकीसाठी. मला तिच्याकडं बघवेना.

"काढा," ती म्हणाली. "आन् नवं करताना ओ ठेवू नका. हाळी द्यायची आन् गप बसायचं. ज्याला कुणाला ओ द्यायची त्यानं द्यावी."

"गप कितना?" इरफानभाईंनी विचारलं.

"माणूस बांधापातूर ऐकंल आन् उत्तर दील एवढं."

"सहा सेकंद तरी लागतील. मंदाताई, गाण्यात सहा सेकंद सन्नाटा? लोक समजतील फोन हँग झाला. फेकून देतील फोन."

"फेकू द्या की. तुमचाय का फोन?"

तिथंच बसून आम्ही नवं रेकॉर्ड केलं. हाळी, आणि मग काही नाही. गाद्यांच्या खोलीत ती शांतता फारच मोठी वाटली. पहिल्या टेकला इरफानभाईंच्या तोंडून आपोआप "ओ" निघून गेलं. टेक वाया गेला. पण हेच व्हायला हवं होतं, हे आम्हा तिघांनाही कळलं.

मग रोहनला फोन.

"प्रूफ मिळालं," मी म्हटलं. "खरी माणसं आहेत. उसात स्पीकर लावून बसतात. बिबट्याच्या भीतीनं."

"वाव. मॅडम, हे तर जबरदस्त आहे. व्हिडिओ पाठवा ना. फ्लॅग लगेच काढतो. आमची मार्केटिंग टीम पण उचलेल हे. 'जीव वाचवणारं गाणं.' सुपर हूक आहे."

"गाणं काढायचंय."

"सॉरी?"

"टेकडाउन. आजच. सगळीकडून."

"पण तुम्ही जिंकताय, मॅडम."

"एक बाई मरेल, रोहन."

त्यानं कीबोर्डवर काहीतरी टाइप केलं. मग म्हणाला, "फॉर्ममध्ये रीझन लिहावं लागतं. ड्रॉपडाउनमध्ये हे नाहीये. 'अदर' टाकू का?"

"टाका."

दोन दिवसांत गाणं अ‍ॅपवरून गेलं. जुनं रील मी आधीच काढून टाकलं होतं. त्याच जागी नव्या गाण्याचं नवं रील टाकलं. यावेळी लिहिलं: गाण्यानं बिबट्या पळत नाही. मी चुकीचं लिहिलं होतं. पट्टा घाला, जोडीनं जा, हाळीला ओ आली तरच आत शिरा. हे कुणी शेअर केलं नाही. पहिल्या कॅप्शनला जे लोक टाळ्या वाजवत होते, त्यातल्या एकानं खाली लिहिलं, 'कंपनीकडून पैसे खाल्लेत काय?'

मग मी मला येतं ते केलं. पत्रक लिहिलं. खालच्या दुकानात छापलं आणि बोरीपासून सुरुवात केली. डेअरीवर, पिठाच्या गिरणीत, पार्लरच्या दारावर. ताराबाईंच्या हातात स्वतः दिलं. नात शाळेत होती म्हणून मीच वाचून दाखवलं.

"हे तरी खरं का?" त्यांनी विचारलं.

"हे खरं."

"का हेबी अंदाजानं?"

त्यांच्या मोबाइलवर मी नवं गाणं घातलं, जुनं काढलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर शेतावर गेले. पट्टा गळ्यात होता. त्यासाठी वाटेत बरीच बोलणी खाल्ली. स्पीकर यावेळी बांधावरच ठेवला. हाळी गेली. कोण हाय गं पल्याड. आणि पुढं काहीच नाही. ऊस नुसता उभा. ताराबाईंचा हात विळ्यावर थांबला.

"बंद पडलं का?"

"नाही. आता कुणीतरी उत्तर द्यायचंय."

"हितं कोण देनार?"

त्यांनी एकदा उसाकडं बघितलं. त्या पहिल्यांदाच उसाकडं तोंड करून उभ्या होत्या. मग शेजारच्या वावराकडं वळून खच्चून ओरडल्या, "हिरेऽऽ, हायेस का गं?"

उत्तर आलं नाही. ताराबाईंनी विळा खाली ठेवला नाही आणि बसल्याही नाहीत.

मग कांद्याच्या वावरातून आवाज आला. "हाय की. मेले न्हाई अजून. आज कशी आठवण आली म्हने मोठ्या बाईला?"

"ये हिकडं. गवात काढायचंय."

"च्या पाजशील का?"

"ये आधी," ताराबाई म्हणाल्या.

हिराबाई आल्या, पट्टा घालून आल्या, आणि दोघी दुपारपर्यंत पाठीला पाठ लावून भांडत गवत कापत होत्या. मी तिथून निघाले तेव्हा भांडण एका जुन्या पातेल्यावर आलं होतं.

पुढचं सांगायचं तर नवं गाणं चाललं नाही. 'गाणं मध्येच अडकतंय' असे कमेंट आले. लोक त्या शांततेत स्किप करतात, आलेखात नेमका तिथं खड्डा दिसतो. रोहननं मेल केला की आता प्ले पॅटर्न नॉर्मल आहे. म्हणजे कुणी ऐकत नाही. मंदा या हंगामात परत कांद्याला आली. तिनं मला एकदाही काही ऐकवलं नाही. दुसरं गाणं बांधतेय म्हणाली, त्यात मी काही लिहायचं नाही अशी अट घातली. मी मान्य केली.

जुनं गाणं मात्र गेलेलं नाही. अ‍ॅपवरून काढलं, पण लोकांनी ते आधीच फोनमध्ये घेऊन ठेवलं होतं, मेमरी कार्डात टाकलं होतं, एकमेकांना पाठवलं होतं. तिथून काढायला फॉर्म नाही. मंचरकडं जाताना अजून कुठंतरी उसातून चार बाया ओ देतात आणि मी गाडी थांबवते. पत्रकं डिकीत असतात. एखाद्या दिवशी ती संपतात आणि गाणं अजून पुढं वाजतच असतं. त्या दिवशी घरी येऊन मी पेपर उघडत नाही.

एक गोष्ट मला उशिरा कळली. पत्रकात आपण मागतो. मागणी पुरी झाली नाही तर लोक आपल्यालाच शिव्या घालतात आणि घरी जातात. जाहिरातीत आपण देतो म्हणतो. ते खरं मानणारा माणूस आपल्यापासून लांब, आपल्याला न दिसणाऱ्या जागी, पाठ फिरवून बसलेला असतो. आता कुठलंही कॅप्शन टाकायच्या आधी मी विचारते, हे ज्याला खरं वाटेल तो नेमका कुठं बसणार आहे. उत्तर माहीत नसेल तर ती जागा आधी बघून येते. यात वेळ जातो, दोन क्लायंट सोडून गेले. जाऊ देत.